उंबऱ्यावरचं ओलं पाऊल

"मग तो गेला कुठे, गुरुजी?"

"कोण?"

"कवितेतला एकांतवासी. या एका प्रश्नावर मी नऊ वर्षं घालवली."

वृद्ध भिक्षू मिन-ताओ झोपडीसमोर मुळ्याच्या वाफ्यातलं तण काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"आधी कविता म्हण. बऱ्याच दिवसांत ऐकली नाही."

पंडित फांग शुओ राजधानीहून डोंगर चढून आला होता. त्याने डोळे मिटले. आवाज त्याचा चांगला होता.

दोन दिवस चढून तुझ्या दाराशी आलो.
दार वेलीने बांधलेलं.
उंबऱ्यावर एक ओलं पाऊल.
ते वाळेपर्यंत बसलो, मग उतरलो.

भिक्षूंचे हात थांबले.

"काय लिहून गेलाय..." ते म्हणाले. "तीनशे वर्षं झाली. दगड अजून ओला आहे."

फांग खुलला. त्याने गाठोडं सोडून कवितेवर लिहिलेली आपली टीका पुढे ठेवली. "चाळीस पानं आहेत. शेवटच्या अकरा पानांत सगळा उलगडा केलाय. पाऊल ओलं, म्हणजे तो झऱ्यावरून आला. दार बांधलेलं, म्हणजे पुन्हा गेला. घागर अर्धीच भरली असणार, म्हणून परत झऱ्यावर."

"घागर आहे कवितेत?"

"नाही. पण असणार."

"हं."

"तुमच्या हातची एक ओळ सुरुवातीला हवी, गुरुजी. छपाईसाठी लाकडावर अक्षरं कोरणारा कारागीर अमावास्येपर्यंत थांबणार आहे. तुमची ओळ असेल तर राजधानीच्या विद्यापीठात माझी जागा पक्की."

भिक्षूंनी मुळ्याजवळची माती सारखी केली.

"याआधी दोनदा आलास तू."

"तुम्ही नव्हता. रीतीप्रमाणे दारावर नाव लिहून गेलो."

यजमान घरी नसला की पाहुण्याने दारावर शाईने नाव लिहून जायचं, अशी तिकडची रीत होती.

"वाचलं. नावाबरोबर पदव्याही होत्या. दुसऱ्या खेपेला दार पुरलं नाही, म्हणून चौकटीवर लिहिलंस."

फांग ओशाळला. "पण तुम्ही होता कुठे?"

"मागच्या झऱ्यावर. दोन्ही वेळा."

"मी एवढ्या हाका मारल्या..."

"ऐकल्या. पाय धुऊन येईपर्यंत तू उतरलाही होतास."



भिक्षू उठले. त्यांनी दार ओढून घेतलं, वेलीने बांधलं. घागरीच्या तळाशी उरलेलं पाणी उजव्या पायावर ओतलं. पाय उंबऱ्याच्या दगडावर नीट टेकवला, उचलला. मग रिकामी घागर खांद्यावर घेऊन झोपडीमागे निघून गेले.

फांगने सवयीने कुंचला काढला. शाई घासायला पाणी हवं होतं.

पाणी फक्त त्या पावलात होतं.

त्याने कुंचला खाली ठेवला आणि बसला.

आधी करंगळी गेली. मग बाकीची बोटं, एकेक करून. मधला भाग तर पावलात आधीपासूनच नव्हता, तिथे नुसता दगड. टाच मात्र राहिली. सुपारीएवढी झाली, तरी राहिली.

फांगने त्या कवितेचा शब्द न् शब्द उलगडला होता. पण चाळीस पानांत, दाराशी बसून राहिलेल्या माणसावर एकही पान नव्हतं.

टाच वाळली...

तो तरीही बसून होता.

भिक्षू भरली घागर घेऊन आले, तेव्हा टीकेतली शेवटची अकरा पानं अंगणातल्या चुलीपाशी ठेवलेली होती.

"हे काय?"

"चहाला जळण."

दोघांनी चहा घेतला. चहा चांगला झाला होता.

"आणि ती ओळ?" भिक्षूंनी विचारलं.

"कोरणाऱ्याला निरोप देतो, थांबू नकोस म्हणून. अजून बरंच लिहायचं राहिलंय."

"आणि जागा?"

"दुसरा कोणी बसेल."

त्याने उरलेली पानं बांधली, वाकून नमस्कार केला आणि पायऱ्या उतरू लागला. वळणावर पोचला, तेव्हा मागून हाक आली.

"पंडित, आज दारावर नाव नाही लिहिलंस?"

"आज तुम्ही भेटलात ना, गुरुजी."

"मी?" भिक्षू म्हणाले. "मी तर पाण्याला गेलो होतो."