दोरीवरचा परवाना

"धुणं वाळत घालायची ती दोरी कापून टाका!" असा हुकूम शिंगणगडच्या राजा रणधीररावांनी काढला, आणि नदीकाठची ठकू परटीण कमरेला पदर खोचून तडक दरबाराच्या दारात आली. शिपायानं अडवलं तशी म्हणाली, "आत जाऊ दे बाबा, न्हाईतर उद्यापास्नं तुझा अंगरखा तूच धू." शिपाई निमूट बाजूला झाला.

आता एका दोरीवर राजाचा एवढा राग का, ते सांगायला हवं. कोयरी नदीच्या अलीकडं शिंगणगडचा मुलूख, पलीकडं दुसऱ्याच राजाचा. पलीकडच्या काठावर दाऊद हकीम राहत. हाताला गुण असा, की अलीकडच्या लोकांनाही औषध त्यांचंच हवं असे. पण नदी ओढीची आणि पायी ओलांडायचा उतार पार लांब. खोकणाऱ्या म्हाताऱ्याला तिथवर नेणार कोण? शेवटी ठकू एकदा स्वतः जाऊन हकिमांशी खुणा ठरवून आली. कुणाला ताप आला की ती दोरीवर तांबडं लुगडं टाकी, पोट बिघडलं की पिवळा पंचा, छाती भरली की काळं घोंगडं. हकीम पलीकडून डफ वाजवीत. लांब ठोके म्हणजे नेहमीचा काढा, तुटक ठोके म्हणजे लंघन.

एकदा दिवाळीच्या तोंडावर ठकूनं राजवाड्याचं सगळं धुणं विसरून त्याच दोरीवर पसरलं. अलीकडं पटकीची साथ आली असं समजून हकीम बिचारे दिवसभर डफ बडवत बसले! तेव्हापासून ठरलं, सगळेच रंग एकदम दिसले तर तो रोग नव्हे, धुणं. हकिमांनी समजलं म्हणून एकच ठोका द्यायचा.

हे सगळं राजवैद्य नागेशशास्त्र्यांना फार दिवस सलत होतं. त्यांनीच राजाचे कान भरले होते.

"महाराज," ठकू म्हणाली, "माझ्या सासऱ्याला दमा हाय. हकिमांच्या काढ्यावर म्हातारा कसाबसा उठून बसतोय. दोरी कापली तर त्यो आडवाच व्हईल." एरवी ती सासऱ्याशी दिवसभर भांडे, पण आता त्याच्यासाठीच राजापुढं उभी होती. आईबापांमागं त्यानंच तिला लेकीसारखं सांभाळलं होतं.

राजा दुष्ट नव्हता, हट्टी होता. "उद्या त्या हकिमाचं औषध चुकलं तर मी धरायचं कुणाला? डफाला? परक्या वैद्याला परवाना हवाच. त्यानं दरबारात हजर होऊन शास्त्रीबुवांपुढं परीक्षा द्यावी."

"मंग बोलावते त्यास्नी."

"बिनपरवान्याच्या परक्या वैद्यानं आमच्या मुलखात पाऊल ठेवलं तर तुरुंग!" शास्त्रीबुवांनी खुशीत सांगितलं.

"म्हंजे परवान्यासाठी यायचं, आन् यायला परवाना पायजे?"

"कायदा आहे तो," राजा मिशीवरून हात फिरवत म्हणाला. आपण घातलेली गाठ त्याला फारच आवडलेली दिसली. "उद्या सूर्य मावळायच्या आत त्याला दरबारात हजर कर. पण त्याचं पाऊल माझ्या मातीला लागता कामा नये. जमलं तर परीक्षा, नाहीतर दोरी कापली."

ठकू घुटमळली. "पर हकीम तर त्यांच्याच मुलखात बसल्यात. तिथनं डफ वाजवायला आपला परवाना कशापायी?"

"अगं, रोगी जिथं, वैद्य तिथं!" शास्त्रीबुवा कडाडले. "रोगी आमच्या मुलखात, मग हकीम कुठंही बसो, तो इथंच येऊन वैद्यकी करतो असं धरायचं."

"अगदी बरोबर," राजा म्हणाला.

"असं व्हय!" ठकूचा चेहरा एकदम खुलला. "मंग उद्या दरबार तेवढा घाटावर भरवा. महाराज बसतील तिथं दरबार, न्हाई का?"

दुसऱ्या दिवशी भरपेट पुरणपोळ्या हाणून राजा ढेकर देत घाटावर आला. सारा गाव जमला होता. ठकूचा सासरा दगडावर बसून खोकत होता. सूर्य कलला तशी राजानं विचारलं, "कुठं आहे तुझा हकीम?"

ठकूनं काळं घोंगडं दोरीवर टाकलं. पलीकडून डफाचे लांब ठोके आले. तिनं म्हाताऱ्याला काढा पाजला आणि हात जोडले. "हजर झाले, महाराज."

"कुठं?"

"शास्त्रीबुवाच म्हणाले, रोगी जिथं, वैद्य तिथं. रोगी ह्यो बसलाय तुमच्या दरबारात. म्हंजे हकीमबी त्याच्या उशालाच. आन् पाऊल म्हणाल, तर ते अजून पाण्यालासुदिक लागलं न्हाई!"

"काहीतरीच!" शास्त्रीबुवा उसळले. "तो तर पलीकडे बसलेला दिसतोय!"

"मंग त्यो हितं आलाच न्हाई, आन् न आलेल्याला परवाना कशाला? हितं म्हणा न्हाईतर तिथं म्हणा, पर शास्त्रीबुवा, एकदाच काय ते ठरवा."

राजाच्या मिशीखाली हसू फुटायला लागलं होतं. "हकीम इथंच आहे. घ्या परीक्षा."

शास्त्रीबुवांनी चिडून तांबडं, पिवळं, काळं, हाताला लागेल ते दोरीवर टाकलं. ओळख म्हणावं आता! मग पलीकडून एकच ठोका आला, धप्प!

"हकीम म्हणत्यात," ठकू म्हणाली, "ह्यो रोग न्हवं, कुणीतरी धुणं घातलंय."

घाट हसून हसून लोळायचा राहिला. राजानं खांद्यावरचा जरीचा पिवळाधमक शेला काढला. दोरीवरचे बाकीचे कपडे उतरवून त्यानं तो स्वतःच्या हातानं दोरीवर टाकला. "हा हकिमाचा परवाना. आता काही चुकलं तर जाब मी विचारीन."

लगेच पलीकडून डफ वाजू लागला. तुटक, तुटक, तुटक.

"आभार मानतोय वाटतं?"

ठकूनं पदर तोंडाला लावला. "न्हाई महाराज. पिवळं म्हंजे पोट बिघडलंय. रोग्यानं आज रातच्याला जेवू नये म्हणत्यात."

राजानं आपल्या पोटाकडं पाहिलं, एक ढेकर दिला आणि असा खदखदून हसला, की डोळ्यांत पाणी आलं. हातातलं सोन्याचं कडं काढून त्यानं ठकूच्या ओंजळीत टाकलं आणि आचाऱ्याला ओरडून सांगितलं, "माझं रात्रीचं ताट आज ठकूच्या घरी पोचवा!"