आखूड केलेलं माप

एका गावात एक कापडवाला होता. चार गावांत त्याचं नाव होतं ते मापासाठी. गिऱ्हाईक शहाणं असो की भोळं, त्याच्या गजाला कापड बोटभरही कमी भरणार नाही, असा त्याचा लौकिक. या कापडवाल्याला एक मुलगा होता. दिसायला देखणा, बोलायला गोड, आणि घरात कोणी मोठ्यानं खाकरलं तरी मान खाली घालणारा. लोक म्हणत, किती गुणी पोर! आपण मात्र गोष्ट संपेपर्यंत थांबू आणि मग ठरवू.

गावाच्या टोकाला दोर वळणाऱ्याचं घर होतं. कापडाचे गठ्ठे बांधायला दोर तिथूनच येई, आणि तो घेऊन येई दोरवाल्याची मुलगी. गठ्ठ्याला ती अशी गाठ मारी की बैलगाडी उलटली तरी सुटायची नाही. मुलगा तिच्या त्या हातांकडे बघत राही. एक दिवस तो आईला म्हणाला, "लग्न करीन तर हिच्याशीच." उभ्या जन्मात त्यानं धीर करून बोललेलं हे एकच वाक्य. आईनं नाक मुरडलं, पण बापानं होकार भरला आणि साखरपुड्याचा दिवस ठरला.

अंगठी करायची म्हणून मायलेक सोनाराकडे चौकशीला गेले. सोनार म्हातारा आणि मोजकं बोलणारा.

"आधी बोटाचं माप हवं," तो म्हणाला. "मुलीलाच घेऊन आलात तर उत्तम."

"अगंबाई! साखरपुड्याआधी ती आमच्याबरोबर पेठेत कशी येईल? लोक काय म्हणतील?"

"मग तिला म्हणावं, बोटाभोवती दोरा घे, सांध्यावरून निघेल इतपत सैल ठेव आणि गाठ मारून पाठव."

निरोप गेला. दुसऱ्याच दिवशी लाल दोऱ्याचं वेटोळं आलं, तिच्या बोटाएवढं, तिच्या हातची गाठ मारलेलं.

मुलाच्या आईनं ते स्वतःच्या बोटात घालून पाहिलं. ढिलं झालं. शेजारी बसलेल्या मुलाच्या मावशीच्या बोटातून तर ते गळूनच पडलं.

"अगं, हे बोट आहे की मुसळ?" मावशी म्हणाली. "अंगठी चारचौघींत दाखवायची कशी?"

"दोर वळून वळून सांधे फुगलेत मेलीचे," आई म्हणाली. "आपल्या घरात आली की दोर सुटेल, मग बोटही उतरेल. आत्तापासूनच बेतशीर करून घेऊ."

ती गाठ सोडायला बसली. नखांनी सुटेना, सुईनं सुटेना. शेवटी कात्री आणली, गाठ कापून टाकली, दोरा आखूड केला आणि त्याला आपली गाठ मारली.

मुलगा शेजारीच कापडाच्या घड्या घालत होता. "आई, पण तिचं माप…" एवढं त्याच्या तोंडून निघालं.

"तू गप्प बस. तुला यातलं काय कळतं?"

आणि तो गप्प बसला! ज्या घरात गिऱ्हाईकाचं बोटभर कापड मारणं म्हणजे पाप, त्या घरात एका मुलीचं बोटच परस्पर कापून बारीक केलं, आणि कोणाला काही वाटलं नाही. मुलाला वाटलं, पण त्या वाटण्याचा काय उपयोग?

खरेदीची तयारी मात्र थाटात चालली होती. नक्षी मावशीनं ठरवली, मुहूर्त गुरुजींनी काढला, डबी मखमलीचीच हवी म्हणून शेजारीण अडून बसली. गावभर विचारणा झाली. जिच्या बोटात अंगठी जायची, तिला तेवढं कोणी विचारलं नाही.

ठरल्या दिवशी सगळे सोनाराकडे गेले. सोनारानं वेटोळं हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि चष्म्यावरून थेट मुलाकडे बघितलं.

"रोज दोर वळणारा हात ना हा? एवढंसं बोट? बाळ, माप नक्की हेच का?"

एका 'नाही'वर सगळं निभावलं असतं. त्यानं आईकडे पाहिलं. आईनं डोळे वटारले.

"हेच," तो म्हणाला.

सोनार तरी काय करणार? दिलेल्या मापाची अंगठी त्यानं केली आणि दोऱ्यासकट डबीत ठेवून दिली.

साखरपुड्याला दोरवाल्याच्या अंगणात पाहुणे जमले. मुलानं मुलीच्या बोटात अंगठी घातली, ती सांध्यापाशी अडली. तेल आणलं, साबण आणला. बोट लालभडक झालं, अंगठी पुढे सरकेना.

"दोर वळणाऱ्यांची बोटं ही!" मावशी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "निदान माप तरी नीट द्यायचं!"

दोरवाल्यानं मान खाली घातली. मुलीनं मात्र घातली नाही. डबीत तो लाल दोरा तसाच पडला होता. तिनं तो उचलला, बोटांत फिरवून पाहिला.

"ही गाठ माझी नाही. माझी गाठ सुटत नाही, कापावी लागते. कोणी कापली?"

मग मुलाची आई म्हणाली, "एवढं काय त्यात? सोनार देईल अंगठी वाढवून."

मुलीनं तिच्याकडे पाहिलंही नाही. तिनं मुलाला विचारलं, "गाठ कापली तेव्हा तुम्ही तिथे होतात?"

"होतो."

"मग काय म्हणालात?"

तो सतरंजीकडे बघत राहिला.

"अंगठी वाढेल हो," ती म्हणाली. "पण उद्या तुमच्या घरात माझं बोलणं जास्त झालं म्हणून कापतील, परवा हसणं कापतील. आणि तुम्ही शेजारी बसून घड्या घालाल. याच हातांवर भाळून आलात ना? हे हात मी कोणासाठी बारीक करायची नाही."

तिनं अंगठी डबीत ठेवली. दोरवाल्यानं मान वर केली, समोरचा साखरेचा पुडा न फोडता उचलला आणि मुलाकडच्या पाहुण्यांच्या हातात परत दिला.

कापडवाल्याचं दुकान अजून जोरात चालतं. गठ्ठ्यांना दोरही त्याच घरचा येतो, पण तो आता दोरवाला स्वतः आणून टाकतो. मुलगा गजानं कापड मोजत असतो. गिऱ्हाईक खूश होऊन म्हणतं, "मापाच्या बाबतीत तुमचा हात कोणी धरणार नाही हो!" तेव्हा तो मान खाली घालतो. ती सवय त्याला आधीपासूनच होती.

तात्पर्य, बाळांनो, एवढंच: दुसऱ्याचं माप आपल्या मर्जीनं कापणारा चुकतोच, पण जो डोळ्यांदेखत ते पाहतो आणि विचारल्यावरही 'हेच' म्हणतो, त्याला गुणी म्हणू नका.