राघूची प्रार्थना आणि चिमण्या

चर्चची घंटा नवी होती, तेव्हाची गोष्ट. पाद्रीसाहेबांच्या पडवीतला राघू रोज संध्याकाळी चिमण्यांसाठी प्रभूची प्रार्थना म्हणायचा. चिमण्या फक्त "आमेन" म्हणायच्या.

एकदा पाद्रीणबाई राघूला घेऊन माहेरी गेल्या. इकडे ढग गडगडले आणि साळू चिमणीचं पिल्लू रडू लागलं. "आई, प्रार्थना म्हण ना!"

"मला मेलीला कुठे येते?" पण पिल्लू थांबेना, म्हणून साळूने चाचरत पहिली ओळ म्हटली.

"पुढची ओळ रोजच्या भाकरीची!" शेजारीण ओरडली.

"आधी क्षमेची गं!" दुसरी म्हणाली.

भांडत भांडत प्रार्थना पुरी झाली आणि पिल्लू झोपलं.

राघू परतला, तर चिमण्या आपसात प्रार्थना म्हणत होत्या. "एवढं येत होतं, तर इतके दिवस गप्प का बसलात?"

साळू म्हणाली, "राघूकाका, तुम्ही मध्ये श्वास तरी कधी घेतलात?"