मान हलली की मंजूर

या, बसा. फरशी गार आहे, बुडाखाली पोतं घ्या. चिंचबनातली एक गोष्ट सांगतो. तशी पोरासोरांचीच आहे, पण पोरांना ती ऐकून झोप लागते आणि मोठ्यांची उडते. त्याला मी काय करू?

तर चिंचबनात गोदाक्का नावाची शेळी राहायची. तिच्याकडं एक तीनचाकी टेम्पो. बाभळीच्या शेंगा भरायच्या, बाजारात न्यायच्या, त्यावर तिचं आन् करडांचं पोट. एकदा टेम्पोचा ब्रेक लागंना. वडाखाली दाबला की टेम्पो थांबायचा पिंपळाखाली. म्हणून तिनं तो रंगराव तरसाच्या गॅरेजात लावला.

"ब्रेक तेवढा बघा," ती म्हणाली.

"बघतो की अक्का!" म्हणून तरस हसला. तरस हसतोच. त्यात त्याला आनंद झालेला असतो असं काही नाही.

बाजाराच्या आदल्या दिवशी गोदाक्का टेम्पो न्यायला गेली. बघते तर टेम्पो ओळखू येईना. रंगराव बोलला, "इंजिन खोलून परत बसवलं. गिअर बदलला. सीटला नवं कव्हर. आन् पडदा बघा, मोरपिशी!"

"आन् ब्रेक?"

"त्याला हातच लावला नाही. तुमची गाडी, तुम्हाला विचारल्याशिवाय कसं करायचं?"

बिल म्हणजे गोदाक्काच्या घरातला सगळा चारा. नाही दिला तर पाडव्याला टेम्पोचा लिलाव.

"हे सगळं करायच्या आधी मला विचारलं का?"

"म्हणजे काय! गाडी लावली त्या दिवशी तुम्ही बाहेर बाकड्यावर बसला होता. मी आतनं ओरडलो, इंजिन खोलू का? तुम्ही मान हलवली. गिअर बदलू का? हलवली. मोरपिशी चालंल का? तवा तर जोरात हलवली!"

"अरे मुडद्या, मी रवंथ करत होते!"

"ते तुमचं घरगुती कारण झालं," रंगराव म्हणाला.

गोदाक्का तडक सिंहमहाराजांकडं गेली. महाराज पायीच फिरत होते. तिचं ऐकून त्यांनी आधी मागं बघितलं आन् मग पुटपुटले, "हळू बोल, बाई. माझी जीपपण त्याच्याकडंच आहे. खोलून ठेवलीय." आणि दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली : चिंचबनात ज्याची मान हलली, त्याची मंजुरी धरली जाईल. ज्याला इतकं खोलता येतं त्याच्या हाती राज्य सुरक्षित, म्हणून रंगराव तरस झाले दुरुस्तीमंत्री.

मंत्र्यांनी पहिल्यांदा ओढ्यावरचा पूल खोलला. आवाज येत होता म्हणे. मग धान्याच्या कोठाराचं दार खोललं, मग सिंहासनाचा एक पाय, मग ज्याच्या त्याच्या घरातलं काही ना काही. सगळं गॅरेजात. लोक कुरकुरायला लागले तर गल्लोगल्ली घोषणा सुरू : "खोललंय कुणी? रंगरावांनी! जोडणार कोण? रंगरावच!"

पाडवा जवळ आला तशी गॅरेजच्या अंगणात सभा भरली. दारातच प्रत्येकाला हिरव्यागार चाऱ्याची पेंढी, फुकट. गाय, रेडा, मेंढ्या, सांबर, सगळे चघळत बसले. समोर रंगराव, बाजूच्या भिंतीवर मतं मोजायला सरडा.

"पूल पुढच्या निवडणुकीनंतर जोडायचा. मंजूर?" समोर सगळ्या माना हलत होत्या. "एकमतानं मंजूर! कोठाराचं दार असंच उघडं राहू द्यायचं, हवा खेळती राहते. मंजूर?" मंजूर. "आता शेवटचा ठराव. गॅरेजात जे आलं ते गॅरेजचं. मंजूर?"

गोदाक्का ताडकन उठली. टेम्पो समोरच उभा, मोरपिशी पडद्यासकट. तिनं दारातली पेंढी घेतलीच नव्हती. ती रांगेत घुसली आन् एकेकाला ढुसण्या द्यायला लागली.

"गिळा! आधी तोंडातलं गिळा!"

"गोदे, असा कोवळा चारा कुणी गिळतं का?" सोनबा रेडा कळवळला.

"गिळ रे भाड्या, नाहीतर उद्या तुझी शिंगं सर्व्हिसिंगला नेतील!"

सोनबानं गचकन गिळलं. त्याचं बघून बाकीच्यांनीपण गिळलं. एकही मान हलंना. रंगराव पहिल्यांदाच हसायचा थांबला.

"ठराव पडला ना?" गोदाक्का म्हणाली. "मग किल्ली दे."

एवढ्या डोळ्यांसमोर काय करतो? दिली. गोदाक्का टेम्पोत चढली आन् दणक्यात फाटकातनं बाहेर. "थांबवा, थांबवा, बिल राहिलं!" म्हणून तरस मागं धावला, पण ज्याचा ब्रेक त्यानंच दुरुस्त केला नव्हता तो टेम्पो थांबतोय कशाला?

बाकीच्यांनापण वाटलं, आता आपलं आपलं मागून घ्यावं. पण रंगराव परत खुर्चीत बसला. "घाई नाही मंडळी," म्हणाला, "जरा सावलीत टेका."

आता रवंथ करणाऱ्याची जात तुम्हाला ठाऊक आहे. गिळलेलं थोड्या वेळानं परत तोंडात येतं. आलं. सोनबाचा जबडा हलायला लागला, मग गाईचा, मग सगळ्यांचाच. रंगरावानं तोच ठराव परत वाचला, सरड्यानं माना मोजल्या आन् एकमतानं मंजूर.

गोदाक्काचा टेम्पो तेवढा सुटला. राज्य अजून गॅरेजातच आहे.

तुम्हाला एकच विनंती. सभेला जाल तेव्हा दारात देतील ते खुशाल घ्या, नाही म्हणू नका. पण बाबांनो, पिशवीत टाका आन् घरी जाऊन खा.