खाली बसणारी लिफ्ट

"मन वर चढतं, भन्ते, पण तिथं राहत का नाही?"

जीवक रंगारींनी तक्रार मांडावी तसा प्रश्न मांडला. भन्ते सुगतानंद आपलं भिक्षापात्र पुसत होते.

"सकाळी ध्यानाला बसलं की हलकं वाटतं, उंच वाटतं. दुपारपर्यंत पुन्हा जमिनीवर. इतकी शिबिरं केली मी. निदान माझ्या बाबतीत तरी असं व्हायला नको होतं."

"खरं आहे…" भन्ते म्हणाले. "तुम्हाला ट्रॅक्टर चालवता येतो?"

विहाराच्या मैदानात गुडघाभर गवत माजलं होतं. दुसऱ्या दिवशी गावातली म्हातारी माणसं तिथं प्रवचनाला बसणार होती. कुणा उपासकानं दिलेला बागेतला छोटा, जुनाट ट्रॅक्टर शेडमध्ये उभा होता. त्याच्या पोटाखाली गवत कापायची पाती. दांडा ओढला की हायड्रॉलिक लिफ्टच्या जोरावर ती वर उचलली जात.

रंगारी रुबाबात चढून बसले. पाती बेताच्या उंचीवर आणली आणि निघाले.

अर्धं मैदान जातं न जातं तोच खालून खरखर ऐकू आली. मागे वळून पाहतात तो गवत मुळासकट खरवडलेलं, मातीचा पट्टा उघडा पडलेला. पाती हळूहळू खाली बसली होती.

त्यांनी पुन्हा उचलली. पुन्हा बसली.

रंगारी तणतणत परत आले.

"भन्ते, याची लिफ्ट गेली आहे. तेल गळतंय. उचललेलं टिकतच नाही."

"अरेरे," भन्ते म्हणाले. हसू मात्र त्यांना लपवता आलं नाही.

रंगारी हार मानणारे नव्हते. शेडमधून त्यांनी लाकडाचा ठोकळा शोधून आणला, पाती पार वरपर्यंत उचलली आणि ती खाली येऊच नयेत असा ठोकळा मध्ये घट्ट ठोकून बसवला. आता बसा म्हणावं खाली.

मग मान ताठ ठेवून त्यांनी सगळं मैदान पालथं घातलं. खरखर एकदाही झाली नाही. इंजिन बंद करून ते भन्तेंसमोर येऊन उभे राहिले.

"बघा. एकदाही खाली आली नाहीत."

भन्ते मैदानाकडे बघत राहिले…

रंगारींनीही बघितलं. गवत जिथल्या तिथं डोलत होतं. शेंडे तेवढे उडाले होते.

रंगारींनाच आधी हसू फुटलं. भन्ते तर खांदे हलेपर्यंत हसले.

रंगारींनी ठोकळा काढून टाकला. या खेपेला ते सावकाश निघाले, नजर गवतावर ठेवून. पाती बसू लागली की जरा उचलायची. उंचवटा आला की आणखी जरा. सुरुवातीला त्यांची चिडचिड झाली. ती कधी थांबली, ते त्यांना कळलं नाही.

ऊन उतरलं तेव्हा मैदान हिरव्या सतरंजीसारखं पसरलं होतं. दोनचार ठिकाणी टक्कल दिसत होतं, पण माणसांना सुखानं बसता येणार होतं. रंगारी खाली उतरले. सदऱ्यावर गवताचा भुसा, आणि ओठांवर कसली तरी गुणगुण.

"भन्ते, ही लिफ्ट दुरुस्त करून घ्यायलाच हवी. मी मिस्त्री पाठवतो."

"पाठवा की," भन्ते म्हणाले. "तो येईपर्यंत हात दांड्यावर असू द्या."