शिव्या खाल्ल्याशिवाय पान नाही

हिंगणमळ्याच्या तळ्यावर वैशाखातल्या जत्रेला गेलात, तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. तिथे शिव्या खाल्ल्याशिवाय जेवायला मिळत नाही. खरंच! पाटील असो, मास्तर असो, नाहीतर पुण्याहून बाईकवर आलेला पाहुणा असो. आधी शिवी, मग आमटी.

यंदा निहार आणि त्याचे दोन मित्र असेच पोचले. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नाही, वर ऊन, आणि समोर आमटीचा वास असा सुटलेला की जिवाला चैन पडेना. तर स्वयंपाकाच्या मुख्य बाईंनी त्यांना अडवून एकच प्रश्न विचारला, "काय काम करतो रं?"

"कॉम्प्युटरवर."

"म्हंजे बसून?"

"हो, म्हणजे... बसूनच."

"बरं. जमंल," असं म्हणून बाई गेल्या. काय जमेल? कुणी सांगेना. भुकेनं निहार नुसता येरझाऱ्या घालायला लागला. तेव्हा गावातले गेनूआबा, वय असेल ऐंशीच्या पुढे, त्याला म्हणाले, "पोरा, पाय दुखत्याल. आमटीला अजून तासभर हाय. हितं बस." बसवलं कुठे, तर तळ्याच्या कडेच्या उंच काळ्या धोंड्यावर. तिथून तळं दिसतं, बांध दिसतो, आणि बांधाला मधोमध वेगळ्या दगडाचं एक भलंमोठं ठिगळ लावलेलं दिसतं.

"ह्यो ठकूबाईचा धोंडा," आबा म्हणाले. "आन ते ठिगळ बी तिच्याच येळचं."

मग आबांनी जे सांगितलं, ते असं.

फार पूर्वी, म्हणजे आबांच्या आज्यानंही ऐकूनच सांगितलं होतं इतक्या पूर्वी, हिंगणमळ्यात पाणी नव्हतं. दोन कोसांवरून बायका घागरी आणायच्या. मग तेव्हाच्या पाटलानं तळं बांधायला काढलं. चारशे माणूस जमलं म्हणे. दगड फोडणारे पाथरवट, छिन्न्यांना धार काढून देणारे लोहार, सुतार, पाणी वाहणारे पखालवाले, माती वाहणारे गाढववाले. आणि या चारशे तोंडांना रांधून घालायला एकटी ठकूबाई, हाताखाली चार बाया.

ठकूबाईचा हात चवीचा होता आणि तोंड त्याहून तिखट. तिच्या शिव्या ऐकायला लोक वेळेआधी जेवायला यायचे असं सांगतात. ज्याला त्याला त्याच्या धंद्याची शिवी! पाथरवटांचा मुकादम मल्लू आला की, "या, बोथट छिन्नी! तुला बघून दगड हसतोय बग." लोहाराला, "ए फुटक्या भात्या, नुसती हवाच का काम बी?" पखालवाला दिसला की, "गळक्या मेल्या, दोन कोसांवरनं चुलीपर्यंत येतोस, तवर निम्मं पाणी तुझ्या टाचंला." आणि हाताखालच्या बायांनी भाकरी करपवली की त्यांचा मुडदा बशिवल्याशिवाय पुढची भाकरी तव्यावर पडायची नाही.

पण तिचा एक नेम होता. शिवी द्यायची ती कामावरून. जातीवरून नाही, आईवरून नाही, आणि पोटावरून तर कधीच नाही. एकदा मल्लूनं विचारलं, "मावशे, येवढं सोवळं कशापायी?" तर ती म्हणाली, "काम उद्या सुधारशील रं. आय कशी सुधारशील?"

आणि गंमत बघा, तिच्यासमोर सगळे सारखेच हलके. त्यामुळे चारशे माणसांत वर्षावर्षात भांडण म्हणून झालं नाही. फक्त गाढववाले तेवढे खोडील. पंगतीत पुढं घुसायचं असलं की मागून ओरडायचे, "बांध फुटला रं, पळा!" पुढचे उठून पळाले की हे त्यांच्या पानांवर. पुढे पुढे सगळ्यांनाच ती खोडी माहीत झाली. रोज कुणीतरी ओरडायचं, रोज सगळे हसायचे, आणि उठायचं कुणीच नाही.

पण बांध खरंच फुटायचा. पहिल्या वर्षी फुटला. दुसऱ्या वर्षी फुटला तेव्हा दोन पाथरवट वाहून गेले. आणि त्या दोघांना त्याच दिवशी सकाळी न्याहारी वाढताना ठकूबाई म्हणाली होती, "जावा मेल्यांनो, वाहून जावा तिकडं."

झालं! ती रोजचंच बोलली होती. पण ते वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. भाकरी थापताना, पीठ मळताना, सारखं तेच. त्यात गावात एक गोसावी आला. त्यानं बांधावरची चिमूटभर माती उचलून तोंडात टाकली, थुंकली आणि म्हणाला, "माती शब्द पिते. या मातीनं फार वाईट पिलंय." पाटलानं ठकूबाईकडे बघितलं. चारशे माणसांनी बघितलं. मेलेल्यांपैकी एक मल्लूचा धाकटा भाऊ होता, आणि मल्लूनं मान फिरवली.

ठकूबाईनं पदर खोचला आणि ती म्हणाली, "गोड बोलाया मला येत न्हाई. अर्धंमुर्धं बी जमायचं न्हाई. शेवटचा दगड बसंस्तवर मी बोलतच न्हाई. सवा महिना घ्या. एक शबुद आला तोंडातनं, तर मला गावाबाहेर काढा."

असा नवस बोलून तिनं मौन धरलं.

आता काय सांगायचं! पहिल्या दिवशी लोकांना बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी घास उतरेना. ठकूबाई नुसती वाढायची, खाली बघून. तिची जीभ तोंडात अशी वळवळायची की ती दातांखाली धरून ठेवायची. हात स्वस्थ बसायचे नाहीत. एकदा तिनं आमटीत दोनदा मीठ घातलं, एकदा घातलंच नाही. पखालवाल्यानं समोर निम्मं पाणी सांडलं तर तिनं पळी अशी आवळली की दांडा वाकला. शिवी घशापर्यंत यायची आणि ती गिळायची. सवा महिना नुसती गिळत होती बाई. रोडावली म्हणे.

आणि पंगतीत दुसरंच सुरू झालं. कुणीतरी कुणालातरी बोलणारच ना! आता पाथरवट लोहाराला बोलायला लागले, लोहार सुताराला. आणि त्यांना कुठला आलाय नेम? जात निघाली, आई निघाली. पंगती वेगळ्या बसायला लागल्या. ठकूबाई हे सगळं वाढता वाढता ऐकायची. तिला वाटायचं, एकदा, फक्त एकदा तोंड उघडू दे, दोन मिनिटांत सरळ करते सगळ्यांना. पण मग तिला ते दोघं आठवायचे. जावा मेल्यांनो, वाहून जावा.

सवा महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. त्याआधी चार दिवस वरच्या डोंगराला वळीव होऊन तळ्यात दोन पुरुष खोल पाणी साठलेलं. बांध टिकला होता! शेवटचा दगड तेवढा जेवणानंतर बसायचा होता. पाटलानं गोडाचं जेवण सांगितलं. दुपार कलली की बांधाची सावली पायथ्याशी पडायची, म्हणून पंगत नेहमी तिथेच बसायची. ठकूबाईचं चुलाणही तिथेच, जमिनीत खणलेलं, माणूस उभा राहील एवढं खोल.

त्या दिवशी चुलाण सकाळपासून धुपत होतं. ठकूबाईला वाटलं लाकूड ओलं आलं. लाकूडवाल्यासाठी एक सणसणीत शिवी तिनं गिळली. शेवटची कढई उतरली, पानं वाढून झाली, माणसं जेवायला बसली. ठकूबाई निखारे झाकायला चुलाणात उतरली. तिनं राख ओढली. वरची राख गरम आणि कोरडी. तिनं अजून खाली हात घातला.

खालची राख ओली होती.

पाणी वरून पडलेलं नव्हतं. ते खालून येत होतं. बांधाच्या बुडातून. तिनं मूठभर राख उचलली आणि दाबली, तर बोटांतून पाणी निथळलं. तिच्या डोळ्यांदेखत चुलाणाच्या भिंतीतून मातीचं एक ढेकूळ सुटून खाली पडलं. आणि तिच्या आणि बांधाच्या मध्ये चारशे माणसं मांडी घालून बसलेली.

काय करायचं? ओरडायचं तर नवस मोडतो. आणि नवस मोडला म्हणून बांध मोडला तर? मागच्या वेळी तिच्याच तोंडानं दोघं गेले होते. म्हणून तिनं वर येऊन पळी घेतली आणि कढईच्या काठावर दणादणा हाणली. उठा म्हणून.

पण कढई वाजली म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत होतं. कढई वाजली म्हणजे दुसरी वाढ आली! जे बसले होते ते आणखी सरसावून बसले. बांधावर दगड रचत थांबलेली वीसेक माणसं होती, तीही धावत खाली उतरली.

ठकूबाईनं पळी टाकली. ती वळून पळत सुटली, चढाला, या धोंड्याकडे. एका मुठीत ती राख तशीच. धोंड्यावर चढली आणि सवा महिन्यानंतर तिनं तोंड उघडलं. "उठा रं! बांध फुटतोय!"

पंगतीतल्या माना धोंड्याकडे वळल्या. आणि मग चारशे माणूस हसायला लागलं. गाढववाले तर टाळ्या पिटायला लागले. "मावशीला बी आमची खोडी लागली!" कुणीतरी ओरडलं, "शेवटच्या दिशी नवस मोडला की गं!" मल्लू तेवढा हसला नाही. पण उठलाही नाही.

तेव्हा, असं सांगतात, ठकूबाई रडायला लागली. आणि रडत रडतच तिनं शिव्या द्यायला सुरुवात केली. पण या शिव्या तिच्या नव्हत्या. सवा महिन्यात त्या पंगतीत एकमेकांना दिलेल्या जेवढ्या घाण शिव्या तिनं ऐकल्या होत्या, तेवढ्या सगळ्या. पाथरवटांना त्यांच्या जातीवरून. लोहारांना त्यांच्या आईवरून. पखालवाल्यांना, गाढववाल्यांना, त्यांच्या पानातल्या घासावरून, त्यांच्या पोटावरून. आणि मल्लूला ती त्याच्या मेलेल्या भावावरून बोलली.

काय बोलली? निहारनं विचारलंच. आबा म्हणाले, "ते कुणी सांगितलं न्हाई. ज्यांनी ऐकलं, त्यांनी गिळलं."

हसणं थांबलं. पहिल्यांदा मल्लू उठला. भरलं पान लाथेनं उडवून, हातात दगड घेऊन, चढावर धावत सुटला. त्याच्यामागे पाथरवट. मग लोहार, हातोड्या घेऊन. मग सगळेच. सवा महिना वेगळे बसणारे चारशे जण एका बाईला ठेचायला एकत्र धावले. आणि ती काही पळाली नाही. उलट शेवटचा माणूस उठेस्तोवर ती ओरडतच राहिली. तळाला एक म्हातारा पखालवाला अजून जेवत बसला होता, त्याला तिनं असं काही ऐकवलं की तोसुद्धा काठी टेकत उठला.

मल्लूनं दगड फेकला. तो तिच्या कपाळावर बसला.

आणि मागे आवाज झाला. ढग फुटल्यासारखा. माणसांनी वळून बघितलं, तर बांध मधोमध गेला होता. पंगत नव्हती. पत्रावळ्या नव्हत्या. चुलाण नव्हतं, ती भलीमोठी कढई पाण्यात वाटीसारखी गरगर फिरत चालली होती. माणूस मात्र एकही नव्हता खाली. म्हातारा पखालवाला सगळ्यात शेवटी, त्याच्या टाचांना पाणी लागलं तेवढंच.

कुणाच्या हातात दगड, कुणाच्या हातात हातोडी, तशीच राहिली.

तरी कुणीतरी म्हणालंच, "तिनं तोंड उघाडलं म्हणून फुटला." माणसं माना हलवायला लागली. मल्लू धोंड्यावर चढला. ठकूबाई पडली होती. तिची एक मूठ घट्ट मिटलेली. मल्लूनं ती उघडली. आत राखेचा गोळा होता, ओलाचिंब, तिच्या पाच बोटांचे ठसे उमटलेला. चुलाणातली राख ओली कधी होते आणि कुठून होते, हे दगडामातीत जन्म गेलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्यानं तो गोळा हातोहात सगळ्यांकडे फिरवला. ज्याच्या हातात तो आला, त्यानं आधी आपल्या हातातला दगड खाली ठेवला.

ठकूबाई जगली का? कुणी म्हणतात तिथेच गेली. कुणी म्हणतात वाचली, आणि बांधाला ठिगळ लागेपर्यंत रोज मल्लूला बोथट छिन्नी म्हणत राहिली. आबांना दुसरं खरं वाटतं. "न्हाईतर येवढं चांगलं ठिगळ त्यो बशिवता का?"

आबांचं सांगणं संपतंय तोवर खाली गडबड उडाली. जत्रेच्या दिवशी आजही पहिलं चुलाण बांधाच्या पायथ्याशी, त्याच जागी पेटवतात. तिथे फक्त एक कढई चढते, आणि जेवायला मात्र तिथे कुणी बसत नाही, पंगत वर धोंड्याजवळ बसते. ती कढई उतरली की मुख्य बाई एकट्या चुलाणात उतरतात, कोपरापर्यंत हात घालून तळची राख काढतात. सगळं गाव बघत राहतं. यंदा बाई वर आल्या, मूठ मिटलेली, कुणाकडे न बघता तडक धोंड्यावर चढल्या. निहार बाजूला सरकून खाली माळावर जाऊन उभा राहिला.

मग बाईंनी सुरुवात केली. गवंड्यांना, न्हाव्यांना, एसटीच्या ड्रायव्हरला, तलाठ्याला, ज्याचं जे काम त्यावरून. जात नाही, आई नाही, पोट नाही. ज्याला शिवी मिळाली तो हसत धावत सुटायचा, दोन्ही तळवे उघडे दाखवत. रिकामे हात दाखवल्याशिवाय धोंड्याजवळ येऊ देत नाहीत.

"आन त्यो बसक्या कुठाय?" बाई गरजल्या. "ए पुण्याच्या! दिसभर खुर्ची उबवतोस, कधी अंडं तरी दिसू दे की!"

माळ हसून लोळला. निहारचे मित्र तर खालीच बसले. निहार लाल झाला, हसला, आणि दोन्ही हात पसरून धावत चढावर गेला. बाईंनी त्याच्या तळव्यावर चिमूटभर राख ठेवली.

त्यानं ती बोटांनी चोळून बघितली. कोरडी होती.

"जा," बाई म्हणाल्या, "आता जेवाया बस."