एकविसावा उतारू

राज्यातलं सगळं दरवर्षी वाढलंच पाहिजे, असा उदयराज राजाचा हट्ट होता. घरं वाढावीत, माग वाढावेत, माणसं तर वाढावीतच. 'गेल्या वर्षीइतकंच आहे,' असं कुणी म्हटलं की महाराजांना जेवण जात नसे.

हा हट्ट एक दिवस नदीवरही पोचला. तिथे सारजा उतारूंची नाव चालवायची. बापाचे गुडघे आखडल्यापासून वल्हं तिच्याच हाती आलं होतं. नावेत माणसं मावायची वीस, आणि उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत खेपा चालायच्या. दिवाणजींनी हुकूम वाचला: यंदा खेपेला एकवीस, पुढच्या वर्षी बावीस, आणि असंच पुढे. जमलं नाही तर नाव दुसऱ्याच्या हाती जाईल.

नाव विसांचीच आहे, असं सारजाने सांगितलं. मग मोठी बांध, दिवाणजी म्हणाले. मधल्या दोन खडकांतून मोठी नाव जात नाही, हेही तिने सांगितलं. त्यावर दिवाणजींनी शांतपणे ऐकवलं, की हुकूम खडकांना नाही, तिला आहे.

सारजा रात्रभर तळमळली. सकाळी तिने महाराजांना निरोप धाडला: हुकुमाची पहिली खेप निघते आहे, एकविसाव्या जागेचा मान आपला.

महाराज खूश होऊन आले. नावेत वीस जण आधीच दाटीवाटीने बसले होते. राजाने पाय ठेवला, तशी नाव करकरली आणि पाणी नावेच्या काठाला टेकलं. सारजाने वल्हं मारलं. पाणी आत आलं आणि राजाचे जोडे भिजले. नाव अजून कमरेएवढ्या पाण्यातच होती. बाकीच्यांना ते ठाऊक होतं, राजाला नव्हतं.

"अगं, बुडेल ही! एकाला उतरव," राजा म्हणाला.

"कुणाला उतरवू, महाराज? हुकूम तर एक वाढवायचा आहे."

राजाने सगळ्यांकडे पाहिलं. कुणी हललं नाही. शेवटी तो स्वतःच धोतर सावरत पाण्यात उतरला, आणि पाणी कमरेलाच लागलं. नाव हलकी होऊन वर आली.

ओला राजा काठावर बसला, पण हार मानेना. "नाव वाढणार नाही, तर राज्य चालायचं कसं?"

"नाव कुठे थांबली आहे, महाराज? पलीकडे वीस उतरतात, तेव्हा नवे वीस चढतात. बापाच्या वेळी हेच होतं. फक्त आता वर छप्पर आहे, तळ गळत नाही, आणि म्हाताऱ्यांना टेकायला पाठ आहे."

"म्हणजे वाढायचंच नाही?"

"आपली उंची कधी थांबली, महाराज?"

"विसाव्या वर्षी."

"आणि शहाणपण?"

 राजा ओल्या जोड्यांकडे बघून खो खो हसत सुटला. "ते बहुतेक आत्ताच सुरू झालं!"

त्याने तिथेच हुकूम फाडला आणि सारजाला काय बक्षीस हवं ते विचारलं. पुढच्या खेपेची वाट बघणाऱ्यांना उन्हातान्हात बसायला एक निवारा हवा, एवढंच तिने मागितलं.

"दिला," राजा म्हणाला. "पुढच्या वर्षी दुसरा बांधू, त्याच्या पुढच्या वर्षी तिसरा, मग..."

सारजाने नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

"बरं बाई," राजा हसून म्हणाला, "एकच. पण चांगला."